भाषण चांगलं झालं

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एका निवृत्त पोस्टमास्तरांचा सत्कार होता. शाळेमागच्या मैदानाचं आरक्षण उठवून तिथे गाळे काढायचा घाट काही मंडळींनी घातला होता आणि त्याविरुद्ध हे गृहस्थ वर्षानुवर्षं एकटेच जिल्ह्याच्या कोर्टात खेटे घालत होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला म्हणून हा समारंभ. पंखा होता, पण त्याचं तोंड अध्यक्षांकडे. कोरी शाल अंगावर घेऊन पोस्टमास्तर घामाघूम होऊन बसले होते. काढून ठेवावी तर बरं दिसत नाही. वक्ते एकामागून एक उठत होते. ‘अशी माणसं आता राहिली नाहीत’ हे वाक्य प्रत्येकाच्या भाषणात कुठे ना कुठे येऊन गेलं. एकाने त्यांना सॉक्रेटिसच्या पंक्तीला नेऊन बसवलं. मग सत्काराला उत्तर. ते उठले, मांडीवरचा नारळ खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, ‘त्यांनी अपील केलंय. पुढची तारीख सोळाला आहे. सकाळी पावणेसातच्या एसटीला गर्दी नसते, कोणाला यायचं असेल तर या.’ आणि खाली बसले.

हॉलमध्ये हशा पिकला. मग टाळ्या.

त्यांनी विनोद केला नव्हता. टाळ्या वाजत असताना ते समोरच्या रांगांकडे बघत होते, एसटीत जागा धरायला कोण उठतंय ते बघावं तसे. मग आभार झाले, अल्पोपाहाराच्या पुड्या वाटल्या गेल्या आणि जिना उतरताना माझ्या पुढचे दोघे एकमेकांना सांगत होते की अध्यक्षांचं भाषण चांगलं झालं. खरंच चांगलं झालं होतं. मला जे खुपत राहिलं ते हेच. कुणी त्यांना वाईट बोललं असतं, विरोध केला असता, तर ते कळलं असतं. इथे प्रत्येक शब्द प्रेमाचा होता, आणि ते सगळं प्रेम मिळून त्यांना सोळा तारखेला पुन्हा एकट्याला एसटीत बसवून देणार होतं.

त्या आठवड्यात मी ‘हाय नून’ पुन्हा पाहायला काढला. हा आमच्या वडिलांचा सिनेमा. त्यांनी तो पुण्यात कॉलेजात असताना मॅटिनीला पाहिला होता आणि गॅरी कूपरसारखं चालून दाखवणं हा त्यांचा घरगुती कार्यक्रम होता: हात जरा लांब सोडलेले, कमरेत किंचित वाकलेले, पायाखालची जमीन कधीही दगा देईल अशा बेताने टाकलेली पावलं. आम्हा मुलांना वाटायचं, काउबॉय असेच चालत असणार. पुष्कळ नंतर कळलं की चित्रीकरणाच्या वेळी कूपर पन्नाशीचा होता, पोटात अल्सर होता, कंबर धरलेली असायची, आणि तो चालतो ते दुखतंय म्हणून. वडिलांनी ती दुखरी चाल हुबेहूब उचलली होती. त्यांना स्वतःला तेव्हा काही दुखत नव्हतं.

गोष्ट काय आहे हे नव्याने सांगण्यात अर्थ नाही. निवृत्त होऊन, त्याच सकाळी लग्न करून गाव सोडायला निघालेला मार्शल, म्हणजे गावचा फौजदार, विल केन (कूपर), बाराच्या गाडीने येणारा त्याचा जुना वैरी फ्रँक मिलर, स्टेशनवर त्याची वाट बघत बसलेले तिघे, आणि मार्शलच्या बाजूने उभं राहायला तयार नसलेलं अख्खं हॅडलीव्हिल. १९५२ सालचा सिनेमा, फ्रेड झिनमनचा. खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या काळच्या हॉलिवूडच्या हिशोबाने चिल्लर. पैसे घालणाऱ्यांत कॅलिफोर्नियातला एक बडा लेट्यूस पिकवणारा शेतकरीही होता. पालेभाजीच्या पैशावर उभा राहिलेला हा सिनेमा, हे मला फार आवडतं. सगळं शूटिंग १९५१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, जेमतेम महिन्याभरात उरकलेलं. वेस्टर्न म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात त्या लाल कड्यांच्या दऱ्या, धुरळा उडवत जाणारे गुरांचे कळप, हल्ला करणाऱ्या टोळ्या, यातलं इथे काही नाही. एक रस्ता आहे, दोन्ही बाजूला लाकडी दुकानं, एक चर्च, एक स्टेशन. तेही बरेचसे आधीचेच उभे असलेले सेट. रंग नाहीत. कॅमेरामन फ्लॉइड क्रॉस्बीने मॅथ्यू ब्रेडीची अमेरिकन यादवी युद्धातली छायाचित्रं डोळ्यांपुढे ठेवली होती. फिल्टर न लावता चित्रण केलं, त्यामुळे आकाश ढगांनी सजलेलं दिसत नाही, नुसतं पांढरं दिसतं, उन्हाने शिजून निघालेलं. आपल्याकडे एप्रिलमध्ये अकरा-साडेअकराला तारेवर वाळत घातलेल्या चादरीकडे बघून डोळे मिटावे लागतात, तसं ते आकाश आहे. त्याच्याखाली कूपरचा काळा कोट आणि चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती.

कमी पैशाचा या सिनेमाला फायदाच झाला असं माझं मत आहे. दाखवायला डोंगर नाहीत म्हणून माणसं दाखवावी लागली. लांबचा प्रवास परवडत नाही म्हणून साडेदहा ते बारा एवढाच वेळ पकडला, आणि सिनेमाची लांबीही जवळपास तेवढीच, ८५ मिनिटं. भिंतीवर घड्याळं आहेत, ऑफिसात, हॉटेलात, जिथे जावं तिथे, आणि ती खरोखर पुढे सरकतात. रुळांचा तो एक शॉट तर जिवावर बेतला होता. झिनमन आणि क्रॉस्बी रुळांवरच कॅमेरा लावून समोरून येणाऱ्या इंजिनाचं चित्रण करत होते. इंजिन काळा धूर सोडायला लागलं. दृश्य सुंदर दिसतंय म्हणून दोघे खूश. तो धूर ब्रेक लागत नसल्याची खूण होती. ऐन वेळी ते बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला, पण आतली फिल्म वाचली आणि तोच तुकडा सिनेमात आहे.

या खेपेला मात्र माझं लक्ष घड्याळांकडे नव्हतं, नकारांकडे होतं.

विल केन दारोदार फिरतो, आणि जवळपास कुणीच त्याला उद्धटपणे हाकलत नाही. पहिला जज्ज. त्यानेच फ्रँक मिलरला शिक्षा सुनावली होती, तेव्हा त्याच्याही जिवाला धोका आहे. तो बोलता बोलता भिंतीवरचा झेंडा उतरवतो, नीट घडी घालतो, न्यायाचा तराजू उचलतो, कायद्याची पुस्तकं घोड्यावरच्या पिशवीत भरतो. अथेन्समधल्या कुठल्या तरी जुलमी राजाचा दाखला देतो. विद्वान माणूस पळून जातानासुद्धा दाखला देऊनच जातो. हे गाव म्हणजे कुठल्या तरी कोपऱ्यातली घाणेरडी वस्ती आहे, इथे काय होतं याला काही महत्त्व नाही, असं तो केनला समजावतो, आणि समजावताना त्याचा सूर इतका मायेचा असतो की आपल्यालाही क्षणभर वाटतं, खरंच, जावं याने.

मग सॅम फुलर. जिवलग मित्र. केन येताना दिसतो तसा तो बायकोला दारात पाठवतो आणि आपण खिडकीआड उभा राहतो. ती सांगते, चर्चमध्ये गेलाय. ‘तुला सोडून?’ केन विचारतो. ती म्हणते, मी कपडे बदलून जाणारच आहे आता. केनला कळलेलं असतं. तिला कळलेलं असतं की त्याला कळलंय. तो टोपीला हात लावून निघून जातो आणि आत फुलर बायकोवरच डाफरतो, की मी मरावं असं वाटतं का तुला? या दृश्यात ती बाई याहून जास्त काही बोलत नाही, पण दाराच्या कडेवर ठेवलेला तिचा हात आणि केनच्या डोळ्यांना न भिडणारी तिची नजर यांत सगळ्या गावाची लाज गोळा होऊन येते. नवऱ्याच्या वाटणीचं खोटं बोलायला बायकोला दारात उभं करणं, हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वर्गणीवाले आले की, घेणेकरी आले की, कुणी साक्षीला बोलवायला आलं की.

हर्ब बेकर मात्र आपणहून तयार झालेला असतो. बारा वाजत आले तेव्हा तो बंदूक सरसावून येतो आणि विचारतो, बाकीचे कुठायत? बाकीचे नाहीत हे कळल्यावर त्याचा चेहरा हळूहळू जो उतरत जातो तो पाहण्यासारखा आहे. आपण पळपुटे नाही, हे त्याला अजूनही खरं वाटतंय. फक्त ठरलं होतं ते असं नव्हतं. बायकापोरं आहेत. केन त्याला म्हणतो, जा घरी, पोरांकडे. या नकारावर रागावतासुद्धा येत नाही.

आणि म्हातारा हाऊ, केनच्या आधीचा मार्शल, ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून केन या धंद्यात आला. संधिवाताने बोटांची गाठोडी झालेली. त्याला केनबद्दल खरी माया आहे. तो सांगतो की लोकांना कायदा-सुव्यवस्था हवी असं आधी स्वतःला पटवून घ्यावं लागतं, मग ते हात हलवतात. आत कुठेतरी त्यांना त्याचं काहीच वाटत नसेल म्हणूनही असेल. सगळ्या सिनेमात हे एवढंच बोलणं मला थोडं लिहून काढल्यासारखं वाटतं. पण ते बोलताना हाऊ झालेल्या लॉन चेनीचे ते हात कॅमेऱ्यात असतात, म्हणून चालून जातं.

चर्चमधला प्रसंग सुमारे सहा-सात मिनिटांचा असेल. मी तो लागोपाठ दोनदा पाहिला. रविवारची प्रार्थना चालू आहे आणि केन मध्येच आत येतो. पाद्री पहिल्यांदा टोमणा मारतो: एरवी तुम्हाला चर्चची आठवण होत नाही, आज सकाळी लग्नसुद्धा इथे लावलं नाहीत. (त्याची बायको क्वेकर या अहिंसावादी ख्रिस्ती पंथातली, म्हणून लग्न जज्जसमोर झालेलं असतं.) मग पाद्रीच ओशाळतो. केन मदत मागतो. आणि हे विसरायला होतं, की दोन-चार माणसं लगेच उठतात. खरोखर उठतात, दरवाज्याकडे निघतातही. तेवढ्यात एकजण म्हणतो, थांबा, जरा विचार करू या, याचं आणि मिलरचं वैयक्तिक भांडण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मेयर हेंडरसन पुढे येतो आणि म्हणतो, मतभेद असतील तर ते मोकळेपणाने बोलू या. पोरांना बाहेर खेळायला पाठवलं जातं. सभा सुरू होते. एकजण म्हणतो, आम्ही कर भरतो ते मार्शल आणि त्याचे डेप्युटी पोसायला, बंदूक आम्ही का उचलायची? दुसरा म्हणतो, स्टेशनवर बसलेत त्या तिघांना आत्ताच आत टाका ना. पण त्यांनी अजून गुन्हा कुठे केलाय? एक बाई उठून सगळ्यांना खडसावते: याच माणसाने हे गाव बायकापोरांना राहण्याजोगं केलं, विसरलात? पाद्र्याला विचारतात तर तो म्हणतो, कोण बरोबर नि कोण चूक हे इथे उघड आहे, पण माझ्या माणसांना जा आणि मारा, जा आणि मरा, असं मी सांगू शकत नाही. प्रामाणिक उत्तर आहे. सभा पूर्ण शिस्तीत चाललेली असते. प्रत्येकाला बोलायला मिळतं, कुणी कुणाचा आवाज दाबत नाही, आणि त्या मिनिटांत उठलेली माणसं एकेक करून खाली बसतात.

मग हेंडरसन समारोप करतो. थॉमस मिचेलने हे भाषण इतकं सुरेख केलंय की पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो. तो सुरुवात करतो ती केनच्या उपकारांनी. गाव याचं देणं लागतं, असा मार्शल आम्हाला झाला नाही, कदाचित होणारही नाही; मिलरचा प्रश्न हा आपला प्रश्न आहे, आपणच सोडवायला हवा. केनच्या चेहऱ्यावर, सगळ्या सिनेमात पहिल्यांदा, जरा जीव येतो. मग हेंडरसन वळण घेतो. उत्तरेकडचे लोक इथे पैसा घालायचा विचार करतायत. दुकानं येतील, कारखाने येतील. त्यांना वाचायला मिळालं की इथे रस्त्यावर गोळ्या झाडतात, तर? आणि केन गावात नसला तर कदाचित काही होणारच नाही. उद्या नवा मार्शल येतोय. तेव्हा विल, तू जा. तुझ्यासाठी आणि आमच्यासाठीही. या सगळ्या भाषणात हेंडरसनचा स्वर एकदाही बदलत नाही. आभाराचं वाक्य आणि हाकलण्याचं वाक्य एकाच गोड सुरात येतं. केन ‘थँक्स’ म्हणतो, एवढंच, आणि बाहेर पडतो. बाहेर अंगणात पोरं दोरी ओढण्याचा खेळ खेळत असतात.

आता इथे माझं मन दुभंगतं, ते लपवण्यात अर्थ नाही. हेंडरसन मूर्ख नाही. केनने घोडागाडी परत का फिरवली, याचं धड उत्तर सिनेमा देत नाही. केनलाही देता येत नाही. वाटेत गाठतील, कुठेही राहिलो तरी शोधत येतील, असं काहीतरी तो बायकोला सांगतो, पण ते तिला पटत नाही आणि मलाही अर्धंच पटतं. त्याचा हट्ट, त्याचा ताठा यातलं काहीतरी आहेच त्यात. हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाला हा सिनेमा बिलकूल आवडला नव्हता: चांगला मार्शल गावभर कोंबडीसारखा पळत मदतीची भीक मागत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने आणि नट जॉन वेनने मिळून १९५९ मध्ये ‘रिओ ब्राव्हो’ काढला तो जवळजवळ याचं उत्तर म्हणून. त्यात शेरीफ लोकांची मदत नाकारत राहतो आणि तरी ती येत राहते. फार मजेदार सिनेमा आहे तो, मी पुष्कळदा पाहिलाय. पण हॉक्सचा शेरीफ मला ओळखीचा वाटत नाही. मदत मागावी लागणं यातली जी लाज आहे, आपलं काम आहे आणि आपल्याला एकट्याला झेपणार नाही हे दहा ठिकाणी जाऊन तोंडाने बोलून दाखवणं, ती कूपरच्या चेहऱ्यावर दिसते. दर दारातून बाहेर पडताना तो थोडा म्हातारा झालेला असतो.

हे सगळे संवाद पटकथाकार कार्ल फोरमनने हवेतून काढले नव्हते. एकेकाळी तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, नंतर सोडून दिलं होतं. १९५१ मध्ये त्याला कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या चौकशी समितीचं समन्स आलं, आणि साक्ष २४ सप्टेंबरला, म्हणजे शूटिंग ऐन भरात असताना. समितीला हवी होती जुन्या मित्रांची नावं. ती त्याने दिली नाहीत. पुढे काय होणार हे समन्स हातात पडलं तेव्हापासून दिसत होतं. ओळखीचे लोक रस्ता बदलायला लागले. जे भेटत ते जे काही बोलत, तेच थोडा वेश बदलून हॅडलीव्हिलच्या लोकांच्या तोंडी गेलं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. निर्माता स्टॅन्ली क्रेमर त्याचा भागीदार आणि जुना दोस्त. ती भागीदारी तुटली, आणि पडद्यावर फोरमनचं नाव लेखक म्हणून राहिलं पण सहनिर्माता म्हणून गेलं. क्रेमरच्या बाजूची हकीकत वेगळी आहे. असणारच.

गंमत कूपरची आहे. तो कडवा रिपब्लिकन. १९४७ मध्ये त्याच समितीपुढे तो राजीखुशीने साक्षीला गेला होता, नावं मात्र कुणाची घेतली नव्हती. फोरमनवर वेळ आल्यावर हा माणूस त्याच्या बाजूने बोलला. फोरमनच्या नव्या कंपनीत पैसे घालणार असं जाहीरही केलं. मग दडपणं आली, स्टुडिओकडून, स्तंभलेखिका हेडा हॉपरकडून, वेनच्या कंपूकडून. आणि कूपरने माघार घेतली. म्हणजे पडद्यावर जो एकटा उभा राहिला तो पडद्याबाहेर हर्ब बेकर ठरला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडिलांची ती चाल आठवून उगाच वाईट वाटलं होतं. पण फोरमनने त्याला कधी बोल लावला नाही. बड्या लोकांपैकी निदान प्रयत्न करणारा तेवढा एकच होता, असं तो म्हणत राहिला. केन जसा बेकरला पोरांकडे जायला सांगतो, तसंच काहीसं.

फोरमन इंग्लंडला निघून गेला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा त्याची आणि मायकेल विल्सनची, दोघेही काळ्या यादीतले, त्यामुळे पडद्यावर नाव लागलं मूळ कादंबरीकार पियेर बूलचं. ऑस्करही त्यालाच मिळालं, ज्याला इंग्रजीत पटकथा लिहिणं शक्यच नव्हतं. अकादमीने ही दुरुस्ती केली ती १९८४ मध्ये. तोवर विल्सनला जाऊन सहा वर्षं झाली होती आणि फोरमनही त्याच वर्षी गेला. शाल पांघरायला खांदे उरले नव्हते, पण भाषणं झालीच असतील.

बायकांबद्दल बोलायचं राहून जातं नेहमी, कारण पोस्टरवर कूपर असतो. ग्रेस केली या सिनेमात एकवीस वर्षांची आहे आणि तशीच, कोवळी आणि थोडी अवघडलेली दिसते. पण हेलन रामिरेझ! मेक्सिकन अभिनेत्री केटी हुराडो. गावात तिचं दुकान आहे, सलून आहे. ती आधी मिलरची होती, मग केनची, आता त्याच्या डेप्युटीची. गावातल्या प्रतिष्ठित बायका तिच्याशी बोलत नसणार हे सांगावं लागत नाही. बातमी ऐकल्याबरोबर तिला पुढचं सगळं समजतं. ती रडत नाही, धंद्यातल्या भागीदाराला बोलावते, आपला हिस्सा विकते, ट्रंक भरते. तिचा आणि केनचा निरोपाचा प्रसंग मिनिट-दीड मिनिटाचा आहे. वर्षभरात भेट नाही, असं ती स्पॅनिशमध्ये म्हणते, आणि तोही स्पॅनिशमध्येच म्हणतो, ठाऊक आहे. अमेरिकन प्रेक्षकांसाठी त्याचं भाषांतर खाली दिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. त्या निरोपात केनची स्तुती नाही. नंतर केनची बायको तिच्या खोलीत येते आणि विचारते, तो तुमच्यासाठी थांबलाय का? हेलन सांगते, नाही. तो माझा माणूस असता तर मी बंदूक उचलली असती. मग उचलत का नाही? कारण तो माझा नाही, तुझा आहे. पुढे दोघी एकाच गाडीतून स्टेशनवर जातात, नेमक्या त्याच गाडीत चढायला जिच्यातून मिलर उतरणार आहे. पहिली गोळी ऐकून एक उडी मारून धावत सुटते. दुसरी जागेवर बसून राहते. मला पूर्वी धावणारी आवडायची. आता बसून राहिलेलीकडे जास्त वेळ बघते. तिने आपला हिशोब पुरता केला होता आणि या गावाचं तिच्याकडे काही निघत नव्हतं.

न्हाव्याच्या दुकानातला एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेप्युटीशी मारामारी झाल्यावर केन तोंड धुवून घ्यायला तिथे येतो. मागच्या बाजूला ठोकाठोकी चालू असते, ती त्याला पाहून थांबते. शवपेट्या बनवायचं काम चाललेलं असतं. किती लागतील याचा हिशोब न्हाव्याने आधीच केलेला आहे. तोंड पुसून, पैसे देऊन निघताना केन म्हणतो, तुमच्या माणसाला सांगा, आता काम चालू करायला हरकत नाही. चिडून नाही, चेष्टेने नाही. गावात तेवढं एकच काम वेळेवर चाललं होतं.

जॉन वेनचा या सिनेमावरचा राग जन्मभर टिकला. त्याने १९७१ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की इतका अमेरिकाविरोधी सिनेमा आपण पाहिला नाही, आणि फोरमनला देशाबाहेर काढायला आपला हातभार लागला याचं आपल्याला कधीही वाईट वाटणार नाही. गंमत अशी की कूपरला या भूमिकेचं ऑस्कर मिळालं त्या रात्री, १९५३ च्या मार्चमध्ये, कूपर हजर नव्हता आणि त्याच्या वतीने व्यासपीठावर जाऊन ते घेतलं होतं वेननेच. तिथे त्याने छान भाषण केलं, मित्राचं तोंडभर कौतुक केलं, ही भूमिका मला का नाही मिळाली असं आपल्या माणसांना विचारणार आहे म्हणून लोकांना हसवलं. दूर पोलंडमध्ये मात्र १९८९ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या ‘सॉलिडॅरिटी’ संघटनेने कूपरलाच भिंतीभिंतीवर चिकटवलं: तोच काळा कोट, तीच चाल, फक्त हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका आणि छातीवर संघटनेचा बिल्ला. ४ जूनला लोक घराबाहेर पडले. सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा त्या बिल्ल्याने जिंकल्या. हॅडलीव्हिलमध्ये घडलं नाही ते तिथे घडलं, आणि तेही कूपरचंच चित्र लावून.

त्याच मुलाखतीत वेन म्हणतो, शेवटी कूपर मार्शलचा बिल्ला पायाखाली घालून तुडवतो. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. तो तुडवत नाही. चौघे मेलेत, त्यातला एक बायकोच्या गोळीने. दारं उघडतात, आतापर्यंत कुठेकुठे दडलेली माणसं रस्त्यावर गोळा होतात. एक पोरगा घोडागाडी घेऊन येतो. मदतीला येतो म्हणालेला आणि केनने घरी पाठवलेला तोच पोरगा. केन गर्दीवरून नजर फिरवतो, छातीवरचा तारा काढतो आणि मातीत टाकतो. आणि बायकोला घेऊन गाडीतून निघतो. गर्दी तोंड उघडायच्या आत हे सगळं होतं. कायद्याचा अपमान वगैरे मला त्यात दिसत नाही. त्याने फक्त हेंडरसनला बोलू दिलं नाही, आणि हेंडरसनकडे दोन शब्द नक्की तयार असणार.